धरणाखालची प्रार्थना

पावसाळ्यात आमच्याकडे दिवस आकड्यानं उजाडतो. दूधवाला पिशवी हातात देतानाच सांगतो, "ताई, रात्री विसर्ग वाढवला." मग किती क्यूसेक, किती दरवाजे, पानशेत किती टक्के, वरसगाव किती टक्के, हे सगळं दारातच बोलून होतं. खडकवासला तसं छोटं धरण. साठा जेमतेम १.९७ टीएमसी. पण पानशेत, वरसगाव आणि टेमघर या तिन्हींचं पाणी शेवटी इथंच येतं आणि इथून मुठेत उतरतं. वरच्या पाण्याला थांबायला याच्या पोटात फारशी जागा नाही. त्यामुळे दरवाजे कधी उघडायचे, किती उघडायचे आणि खालच्या लोकांना कधी सांगायचं, हे कुणीतरी जागं राहून ठरवावं लागतं. तो माणूस मी पाहिलेला नाही. त्याचं नावही मला माहीत नाही. तरी जुलै महिन्यात मी रोज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करते.

ही सवय आजोबांची. ते मूळचे नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकलेले, हाताला पाथरवटाची कला. पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी इथं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसवली. त्यानंतर माळावर कामं निघाली आणि ठिकठिकाणची माणसं खडकवासल्याला आली, त्यांत आजोबाही आले. सुदान ब्लॉकच्या दगडावर त्यांचा हात फिरलेला. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांची आठवण म्हणून सुदान सरकारनं दिलेल्या देणगीतून ती इमारत उभी राहिली. दगड घडवणाऱ्या आजोबांना हे कुणीतरी सांगितलं होतं आणि ते त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवलं होतं. "परक्या देशानं आपल्या पोरांची आठवण ठेवली, मग आपण आपल्या पोरांची ठेवायला नको?" असं ते म्हणायचे.

आमच्या घरात रात्री जेवणं आटोपली की कौटुंबिक प्रार्थना व्हायची. कंदील खाली ठेवायचा, पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, उपासना संगीतातलं एखादं गीत म्हणायचं, बहुधा नारायण वामन टिळकांचं. मग आजोबा डोळे मिटायचे. घरचे, आजारी, प्रवासातले असं करत करत ते अधिकाऱ्यांपाशी यायचे. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, मग मामलेदार, तलाठी, सरपंच, पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर आणि सगळ्यांत शेवटी धरणाच्या दरवाजाचं चाक फिरवणारा माणूस. लहानपणी आम्हाला ही यादी फार लांब वाटायची. झोप अनावर व्हायची. आजी पदराआडून चिमटा काढायची.

चाक फिरवणारा माणूस त्या यादीत कधी आला, ते वडिलांनी मला पुढे सांगितलं. १२ जुलै १९६१ ला. तेव्हा वडील नऊ वर्षांचे होते.

पानशेतचं धरण पुरतं बांधून व्हायचं होतं, पण त्यात पाणी साठवलेलं होतं. भराव खचतोय म्हटल्यावर लष्कराच्या जवानांनी आदल्या रात्री पावसात वाळूची पोती रचून तो धरून ठेवायची शर्थ केली. सकाळी पानशेत फुटलं. तो सगळा लोंढा खडकवासल्याच्या जुन्या भिंतीवर येऊन आदळला. ती भिंत इंग्रजी अमदानीत कॅप्टन फाइफच्या आराखड्यानं उभी राहिलेली. तिनं काही तास दम धरला आणि त्याच दिवशी तीही गेली. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांचं काय झालं, ते पुण्यातल्या घराघरांत सांगितलं जातं. शहराला वेळेत नीट इशारा मिळाला नाही, हे दुःख त्या पिढीनं शेवटपर्यंत बोलून दाखवलं.

आमचं घर वरच्या अंगाला होतं, म्हणून राहिलं. गावातली बरीच माणसं टेकडीवर बसून होती. वडील सांगायचे की पाण्याचा आवाज सरल्यावर जी शांतता पसरली, ती जास्त भीतीची होती. त्या रात्री आजोबांनी प्रार्थना केली ती उघड्यावर, भिजलेल्या घोंगडीवर गुडघे टेकून. आधी मेलेल्यांसाठी, मग बेघर झालेल्यांसाठी, मग त्या जवानांसाठी. आणि त्यानंतर म्हणाले, "प्रभू, आता ज्यांना उत्तरं द्यावी लागतील, त्यांना खरं बोलायचं बळ दे."

शेजारी बसलेला एक जण भडकला. म्हणाला, "अहो मास्तर, त्यांना शिक्षा दे म्हणा की!" पाथरवट असून आजोबांना गाव मास्तर म्हणायचं, कारण ते लोकांची पत्रं वाचून दाखवायचे. आजोबा इतकंच म्हणाले, "शिक्षेचं सरकार बघेल, देव बघेल. खरं बोलले नाहीत तर पुढचं धरणही असंच बांधतील."

या एका वाक्यावर मी आयुष्यभर विचार करत आले आहे. देशासाठी प्रार्थना म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर नकाशा येतो, झेंडा येतो, सीमा येते. धरणाखाली राहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माणूस येतो. एका माणसाच्या एका निर्णयावर आपली रात्र अवलंबून आहे, हे आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही. जुलै २०२४ मध्ये विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा ते शहरालाही पुन्हा कळलं. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी विनंत्या करायला सांगितलं आहे, लोकांना शांतपणे आणि सुखानं जगता यावं म्हणून. मोठा विजय मिळावा, राज्य वाढावं, असलं काही त्यात नाही. रात्री निवांत झोप लागावी, इतकीच ती मागणी. परंपरा असं मानते की हे लिहिलं गेलं तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता आणि पौलाचा शेवट त्याच्याच राज्यात झाला. म्हणजे चांगला राजा मिळाला तर त्याच्यासाठी प्रार्थना करा, अशी अट मुळातच नव्हती.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा एका सहकारी बाईंनी मला विचारलं होतं, "तुम्ही लोक चर्चमध्ये देशासाठीही प्रार्थना करता?" त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं, खरोखर माहीत नव्हतं. तरी ते 'ही' मला लागलं. घरी येऊन मी पुष्कळ वेळ त्याचं उत्तर मनात जुळवत बसले. यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आठवलं. बाबेलला पकडून नेलेल्या यहुद्यांना तो कळवतो की ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे, तिथं घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं भलं चिंता आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. ते तर शत्रूचं शहर होतं. मग ही तर आमची स्वतःची माती. आमचे आजे-पणजे याच मातीत पुरले आहेत. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले म्हणून त्यांचं देशप्रेम तसूभरही कमी झालं नाही. ज्ञानोदयात लिहिताना काय किंवा अखेरच्या वर्षांत मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार मांडताना काय, ख्रिस्त इथल्या माणसांना इथल्या भाषेत आणि इथल्या रीतीनं भेटावा, हाच त्यांचा ध्यास होता. पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला गेल्या होत्या. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. ही सगळी नावं त्या बाईंना सांगावीत, असं त्या संध्याकाळी वाटलं.

सांगितली नाहीत, आणि आज वाटतं ते बरं झालं. प्रार्थना दाखला म्हणून पुढे करायची गोष्ट नाही. जी प्रार्थना कुणाला तरी दाखवण्यासाठी केली जाते, तिची दिशाच बदललेली असते. या बाबतीत आमच्या मंडळ्यांचंही चुकतं, हे मी स्पष्ट लिहिते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला आमच्यातल्या काहींच्या प्रार्थना भाषणासारख्या होतात. नाताळच्या कार्यक्रमाला एखादे पुढारी आले की त्यांच्यासाठी केलेली प्रार्थना सत्काराच्या वळणावर जाते. देवापुढे डोळे मिटून पाहुण्याची स्तुती करायची, हे मला सोसत नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजच्या तर्तुलियननं रोमन अधिकाऱ्यांना निक्षून कळवलं होतं की आम्ही सम्राटाच्या आयुष्यासाठी, त्याच्या सैन्यासाठी, त्याच्या राजसभेसाठी प्रार्थना करतो, पण त्याला देव म्हणणार नाही. सम्राटासाठी देवाकडे मागू, सम्राटाला देव मानून त्याच्याकडे मागणार नाही. या भूमिकेपायी तेव्हाच्या ख्रिस्ती माणसांनी जीव गमावले. आपल्याला तर फक्त शब्द सांभाळायचे आहेत.

इंग्रजांच्या काळात छापील उपासना वापरणाऱ्या मंडळ्यांत राजाचं नाव घेऊन प्रार्थना होत असे. स्वातंत्र्यानंतर ते नाव गेलं आणि पुढे त्या जागी राष्ट्रपती आले. आजोबांच्या मंडळीत छापील प्रार्थनेची पद्धत नव्हती, जो तो आपल्या शब्दांत मागायचा. तरी १५ ऑगस्ट १९४७ नंतरच्या पहिल्या रविवारची एक गोष्ट ते सांगायचे. त्यांच्या गावातल्या पाळकांनी 'आमचे राज्यकर्ते' एवढे दोन शब्द उच्चारले आणि ते मध्येच थांबले. तोवर त्या शब्दांचा अर्थ दूरची माणसं असा होता, आणि आता त्या शब्दांत आपण सगळेच आलो होतो. पाळकांना पुढचं वाक्य सुचायला बराच वेळ लागला. आजोबा म्हणायचे, तेवढा वेळ सगळी मंडळी उभी होती आणि कुणी खोकलंसुद्धा नाही.

प्रबोधिनीच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्यांना आतलं फार दिसत नाही. पहाटे दौडीचा ठेका ऐकू येतो, कधी गोळीबाराच्या सरावाचा आवाज डोंगरावर आपटून परत येतो, तळ्यात शिडांच्या नावा दिसतात. पण आतल्या मुलांच्या तोंडी असलेली एक प्रार्थना मला माहीत आहे, कारण आमच्या मंडळीतला एक मुलगा तिथं शिकला आणि सुटीत घरी आला की तो ती आजोबांना म्हणून दाखवायचा. ती इंग्रजीत आहे. त्यात देवाकडे काय मागितलं आहे, पाहा. शरीर बळकट राहो, मन जागं राहो, वर्तन सरळ राहो. देशाचं रक्षण करण्याची ताकद मिळो. सोपा पण चुकीचा रस्ता समोर असताना अवघड पण योग्य रस्ता निवडण्याची बुद्धी मिळो. हाताखालच्या माणसांशी निष्ठा राहो. सत्य धोक्यात असेल तेव्हा माघार न घेण्याचं धैर्य मिळो. शत्रूच्या नाशाची मागणी त्यात नाही. विजयाचीही नाही.

या प्रार्थनेचं कूळ मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात क्लेटन व्हीट नावाचे धर्मगुरू होते. त्यांनी तिथल्या छात्रांसाठी एक प्रार्थना लिहिली. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की नातं लगेच ओळखू येतं. सोप्या चुकीपेक्षा अवघड योग्य निवडण्याची मागणी तिथं शब्दशः तशीच आहे. व्हीट यांनी आपल्या प्रार्थनेत ख्रिस्ताचं नाव उघड घेतलेलं नाही, सगळ्यांचा मित्र आणि गुरू अशी त्याची ओळख ठेवली आहे. इथं येईपर्यंत तीही गळली आणि फक्त देव राहिला. आता ती हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती सगळ्यांची पोरं म्हणतात. २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या सतरा मुली खेत्रपाल मैदानावरून अंतिम पग ओलांडून बाहेर पडल्या, त्याही हीच म्हणत वाढल्या असणार. एका ख्रिस्ती धर्मगुरूची प्रार्थना आमच्या गावाच्या माळावर अशी सगळ्यांची झाली. कुणी तिचा धर्म विचारला नाही, तिनंही कुणाचा विचारला नाही. मला याचा फार आनंद वाटतो.

आजोबांनी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्या मुलाला म्हणाले, "शेवटचं पुन्हा म्हण, मराठीत." मुलानं अडखळत सांगितलं की त्यात स्वतःच्या आधी सेवा ठेवायला शिकव असं मागितलं आहे. आजोबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ही फक्त फौजेची नाही रे. ही मंत्र्यांनी पण म्हणायला पाहिजे."

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल लिहिते. आमच्या मंडळीत मध्यस्थीची प्रार्थना आळीपाळीनं येते. कुणी जगासाठी मागायचं, कुणी आजाऱ्यांसाठी, कुणी देश आणि अधिकारी यांच्यासाठी. काही वर्षांपूर्वी देशाची पाळी माझ्यावर आली. त्या दिवसांत एका मोठ्या पदावरच्या माणसाविषयी माझ्या मनात संताप होता. ते नाव इथं लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यानं आपल्या रागाचं नाव तिथं घालून पाहावं, असं मला वाटतं. मी चिठ्ठीवर नावं लिहिली होती. उभी राहिले, डोळे मिटले, एकेक नाव घेत गेले आणि ते एक नाव सोडून पुढे गेले. कुणाच्या लक्षात येणार नाही, असं वाटलं होतं.

उपासना सुटल्यावर आमच्यातल्या एक वृद्ध मावशी काठी टेकत जवळ आल्या. म्हणाल्या, "अगं, एक नाव राहिलं तुझं."

"राहिलं नाही मावशी. ठेवलं मी ते."

त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला अमृतांजनचा वास येत होता. म्हणाल्या, "मग बाकीची पण कशाला घेतलीस? ज्यांचा राग नाही त्यांचं भलं तर आपण चहा पिता पिताही चिंततो. गुडघ्यावर यायचं ते या एका नावासाठी."

मला उत्तर सुचलं नाही. रागही आला. घरी परतताना बस नांदेड फाट्याला अडकली होती, रविवारची सगळी गर्दी सिंहगडाकडे आणि चौपाटीकडे निघालेली. त्या खोळंब्यात मी मनातल्या मनात मावशींशी वाद घालत राहिले. त्या माणसासाठी काय मागायचं? त्याचं यश मागू? त्याची खुर्ची टिकावी असं मागू? आणि मग आजोबांचं वाक्य आठवलं. खरं बोलायचं बळ दे. हे मागायला माझी काहीच हरकत नव्हती. उलट ज्याच्याविषयी आपण संतापतो, त्याच्यासाठी मागण्यासारखं याहून योग्य दुसरं काय असणार? मराठी माणसाला हे नवीन वाटायला नको. ज्ञानेश्वरांनीही पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागितलं.

त्या रात्रीपासून मी ते नाव घेऊ लागले. पहिले काही दिवस शब्द घशातच अडकायचे. राग गेला असं मी म्हणणार नाही. माझं मत बदललं असंही नाही. मतदानाच्या दिवशी मी माझ्या मतानंच मत दिलं. पण दोन गोष्टी घडल्या. त्या माणसाची खिल्ली उडवणारे निरोप पुढे पाठवणं माझ्याच्यानं होईना, कारण रात्री ज्याचं नाव देवापुढे घ्यायचं, त्याचं दिवसा विडंबन कसं करायचं? आणि दुसरं म्हणजे त्याच्या धोरणातलं जे मला चुकीचं वाटत होतं, त्यावर मी स्वतःचं नाव आणि पत्ता घालून पत्र लिहिलं. इतकी वर्षं मी नुसती घरात चिडत होते. कागदावर सभ्य शब्दांत आणि कारणं देऊन लिहायचं धाडस प्रार्थनेनंतर आलं. उत्तर आलं नाही. मी दुसरं पत्र लिहिलं.

नाव घेण्यात हेच सामर्थ्य आहे, असं माझं पक्कं मत झालं आहे. नुसतं 'आमच्या नेत्यांना आशीर्वाद दे' म्हटलं की काम भागतं आणि कुणाचंच काही होत नाही, आपलंसुद्धा. नाव घेतलं की समोर माणूस येतो. त्याला ताप येत असेल, त्याला झोप लागत नसेल, त्याच्या कानाशी लागलेली माणसं त्याला खोटं सांगत असतील, असं सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. तो देव राहत नाही आणि राक्षसही राहत नाही. ज्या देशात लोक नेत्यांच्या तसबिरींना हार घालतात किंवा त्यांचे पुतळे जाळतात, त्या देशात कुणीतरी त्यांच्याकडे फक्त माणूस म्हणून पाहायला हवं. हे काम ख्रिस्ती मंडळीनं करावं. आपण मूठभर आहोत, निवडणुकीच्या हिशेबात आपली फारशी गणती नाही, म्हणून तर आपल्याला ते निर्भयपणे करता येईल.

आजोबांची यादी मी पुढे चालवली आहे. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, तेव्हा सरपंच वगळून आयुक्त घातले. मामलेदारांना आता तहसीलदार म्हणते. चाक फिरवणारा माणूस मात्र शेवटी तसाच आहे, हल्ली तो बहुधा बटण दाबत असेल. मावशी दोन वर्षांपूर्वी प्रभूघरी गेल्या.

येत्या रविवारी देशाची पाळी पुन्हा माझ्याकडे आहे. बाहेर पाऊस लागला आहे आणि संध्याकाळी विसर्ग पुन्हा वाढवल्याचं दूधवाल्यानं फोन करून सांगितलं. चिठ्ठी लिहून झाली आहे. ते नाव तिच्यात आहे.